गुलाबाचं नाव काय?

मैत्रिणींनो, नुसत्या रंगावरून गुलाबाची जात ओळखता येत नाही. ऊन-थंडीनं रंग बदलतो. नावंही चकवतात. फ्रान्सिस मेयाँ यांचा गुलाबी कडांचा पिवळा गुलाब फ्रान्समध्ये त्यांच्या आईच्या नावावरून 'मादाम आ. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया देई', तर अमेरिकेत १९४५ पासून 'पीस'. गुलाब एकच!

म्हणून आपण कळीचा आकार, पाकळ्या, वास, काटे, पानं सगळं पाहू. डोळा भरलेल्या जागेखालून आलेला फुटवा खुंटाचा असतो. तो मुळापासून काढू, नाहीतर कलम मरून खुंटच उरतो.

रोप आणताच चिठ्ठीवरचं नाव वहीत उतरवू. चिठ्ठी हरवलीच, तर 'नाव माहीत नाही' असं लिहू. म्हणजे शेजारणीला फांदी देताना चुकीचं नाव पुढं जाणार नाही.