शेतकऱ्याचे पाय व त्यांची निगा

बैल जरासा लंगडूं लागला कीं शेतकरी त्याच दिवशीं त्याचा पाय उचलून पाहतो. खुराच्या बेचक्यांत खडा रुतला आहे कीं पत्री निखळली आहे, ह्याची खात्री करून घेतल्यावांचून तो त्यास जुवाला जोडीत नाहीं. परंतु त्या बैलामागें दिवसभर चालणाऱ्या मनुष्याचा पाय वर्षांतून एकदां तरी कोणी उचलून पाहतो काय? आतां गांवोगांवीं बैल थोडे उरले आहेत व नांगरट बहुतेक ट्रॅक्टरनें होते हें खरें. तरी भाताची लावणी, उसाला पाणी देणें, कापूस वेंचणें हीं कामें अद्यापि पायांवरच होतात, आणि तींही बहुधा अनवाणी किंवा झिजून पत्रावळीसारख्या झालेल्या चपलेंत. म्हणून ह्या अंकीं पायांच्या नेहमींच्या दुखण्यांविषयीं चार उपयुक्त गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंड-अमेरिकेंत केवळ पायांच्याच दुखण्यांवर उपचार करणारा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांस पोडियाट्रिस्ट असें म्हणतात. आपल्याकडे हा धंदा वेगळा असा अजून फारसा रुळलेला नाहीं. येथें तेंच काम कांहीं अंशीं सर्जन व कांहीं अंशीं त्वचेचे आणि मधुमेहाचे डॉक्टर करितात. नांव कांहींही असो, पाय तपासण्याची त्यांची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. जाणता डॉक्टर पायाच्या आधीं चप्पल पाहतो. तळ कोठें झिजला आहे, अंगठा कोठें घासतो, खिळा वर आला आहे काय, हें ती चप्पलच सांगते. नंतर दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून तो त्यांची तुलना करितो. बोटांच्या बेचक्या फांकवून पाहतो. हाताच्या मागच्या बाजूनें कोणता पाय अधिक ऊन व कोणता गार आहे तें अजमावितो. पावलाच्या पाठीवर एक व आंतल्या घोट्याच्या मागें एक अशा दोन ठिकाणीं नाडी लागते. तीं दोन्ही ठिकाणें तो चांचपतो. मग स्पर्श कळतो कीं नाहीं हें पाहतो, आणि शेवटीं रोग्यास चालावयास लावितो. आम्हीं महसुली दप्तरांत आयुष्य घालविलें; बांधावर न जातां लिहिलेल्या पीकपाहणीची किंमत काय असते, हें वाचकांस सांगणें नको. कापडावरून पाय दाबून मलम लिहून देणाऱ्याची तपासणीही त्याच मोलाची समजावी.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, आपण शेतकरी लोक दुखण्याचें मोजमाप वेदनेवरून करितों. ठणकतें तें मोठें, ठणकत नाहीं तें किरकोळ, असा आपला हिशेब. दांत आणि पोट ह्यांच्या बाबतींत तो पुष्कळदां चालतो. पायाच्या बाबतींत मात्र तो अगदीं उलटा पडतो. पाय कापण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांच्यापैकीं पुष्कळांचा पाय आरंभीं मुळींच दुखत नसतो. हें कसें होतें तें पुढें सविस्तर येईलच. तूर्त दुखणाऱ्या पायांचा विचार करूं.

टांचेच्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. टांचेचें कातडें मुळांतच जाड. तें माती, पाणी आणि वारा ह्यांनीं कोरडें पडलें, आणि मागें उघडी असलेल्या चपलेंत टांच बाजूंना पसरूं लागली, म्हणजे तें तडकतें. ह्याला उपाय सोपा आहे, पण रोज केला पाहिजे. रात्रीं कोमट पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें पाय ठेवावे, वज्रीनें हलकेंच घासावें, नीट पुसावें व ओलसर कातड्यावर व्हॅसलीन किंवा युरिया असलेलें मलम चोळून सुती मोजे घालून निजावें. हा युरिया म्हणजे खताच्या पोत्यांतील नव्हे. औषधाच्या दुकानांत शेंकडा दहा ते पंचवीस ह्या प्रमाणांत घातलेलीं मलमें मिळतात. कोंकणांत कोकमतेल लावितात, तेंही चांगलें. मात्र भेगेंत बिब्बा घालण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं. बिब्ब्याच्या तेलानें कातडें भाजतें, फोड येतात, आणि साध्या भेगेची जखम होते.

चिखल्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. लावणीच्या दिवसांत आठ-आठ तास पाय चिखलांत असतात. करंगळी आणि शेजारचें बोट ह्यांमधील कातडें भिजून पांढरें होतें, त्यावर बुरशी वाढते, मग तें फाटतें. लोक खाजवितात, रॉकेल लावितात, आणि पाऊस सरला कीं विसरून जातात. परंतु ही फट म्हणजे जंतूंना उघडें टाकलेलें दार होय. तींतून जंतु आंत शिरले म्हणजे पाऊल लाल होऊन सुजतें, थंडी वाजून ताप येतो, जांघेंत अवधाण येतें. हत्तीपाय झालेल्या मनुष्यास तर हा ताप पुन्हां पुन्हां येतो आणि प्रत्येक वेळीं पाय अधिक जाड करून जातो. म्हणून रोज साबणानें पाय धुऊन बेचक्या कोरड्या ठेवणें हाच त्या रोग्याच्या शुश्रूषेचा पाया मानला आहे. पावसाळ्यांत दुसरेंही एक भय आहे. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या खाचरांतील पाण्यांतून लेप्टोचे जंतु असल्याच भेगांतून शरीरांत जातात. पावसाळ्यांत चिखलांत काम केल्यावर एकाएकीं ताप आला, पोटऱ्या दुखूं लागल्या व डोळे लाल झाले, तर अंगावर न काढितां त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें आणि ‘मी भातांत काम करितों’ हें डॉक्टरास आपण होऊन सांगावें. चिखल्यांवर क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन ह्यांचें मलम उत्तम लागू पडतें. खाज थांबली कीं मलम सोडण्याची घाई करूं नये. बुरशी दिसेनाशी होते त्यापेक्षां उशीरां मरते. डॉक्टर सांगेल तितके दिवस तें लावावें. बेचक्या पुसण्यास लागणारा वेळ एक मिनिटाचा आहे. तो आपल्या गड्यांना व लावणीच्या बायांनाही मिळूं द्यावा, आणि बांधावर एक बादली स्वच्छ पाणी व कोरडें फडकें ठेवावें.

कुरूप हें कांट्याचें टोंक आंत राहिल्यानें होतें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. क्वचित् कांटा असतोही. पण बहुतेक कुरुपें एकाच जागीं सतत दाब व घर्षण होऊन होतात. म्हणूनच तें कितीही कोरलें तरी चप्पल तीच राहिल्यास परत येतें. चामखीळ आणि कुरूप ह्यांत फरक आहे. सरळ दाबल्यास कुरूप अधिक दुखतें, दोन बाजूंनीं चिमटीत धरल्यास चामखीळ अधिक दुखते. आणि वरचें कातडें खरवडल्यावर चामखिळींत बारीक काळे ठिपके दिसतात. डॉक्टर कुरूप धारदार पात्यानें थरथर तासतो व दाब दुसरीकडे जाईल अशी गादी देतो. तें तासणें न्हाव्याकडून किंवा घरच्या ब्लेडनें करवूं नये. कुरुपाच्या पट्ट्यांत आम्ल असतें. मधुमेह्यानें त्या पट्टीला हात लावूं नये.

बाभळीचा कांटा मोडला तर तो स्वच्छ सुईनें किंवा चिमट्यानें काढावा व जखम साबणपाण्यानें धुवावी. रुईचा चीक लावून वाट पाहत बसूं नये. धनुर्वाताचे जंतु माती आणि शेणखतांत असतातच; तेव्हां लस कधीं घेतली हें आठवत नसेल तर ती घ्यावी. कांटा लागून महिने लोटले, जागा दुखत नाहीं, पण पाऊल हळूहळू जाड होत आहे, त्यावर गांठी येऊन बारीक तोंडें पडलीं आहेत आणि त्यांतून रव्यासारखे किंवा खसखशीसारखे काळे, पांढरे अथवा तांबडे कण येत आहेत, असें दिसल्यास तें साधें गळूं नव्हे. 1842 सालीं मदुरा येथें डॉ. गिल ह्यांनीं ह्या रोगाची नोंद केली, म्हणून त्यास ‘मदुरा पाय’ असें नांव पडलें. 1860 सालीं मुंबईत डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर ह्यांनीं त्यास मायसेटोमा असें नांव दिलें. ग्रे ह्यांच्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथांतील चित्रें ह्याच कार्टरांनीं काढिलीं, आणि पुढें ते कांहीं वर्षें आपल्या साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. हा रोग अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि गुराख्यांचा. म्हणूनच कीं काय, जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास उपेक्षित रोगांच्या यादींत 2016 सालीं घेतलें. त्याचे दोन प्रकार आहेत. एक जंतूंचा, तो योग्य औषधें पुष्कळ महिने घेतल्यास बहुधा बरा होतो. दुसरा बुरशीचा, तो चिवट असून त्यास कधीं शस्त्रक्रियाही लागते. कोणता प्रकार आहे हें त्या कणांच्या तपासणीनें कळतें. उशीर झाला कीं रोग हाडांत उतरतो.

टांच दुखणें व नख रुतणें ह्यांविषयीं थोडक्यांत. सकाळीं उठल्यावर पहिलीं पावलें टाकतांना टांचेंत कळ येते व थोडें चालल्यावर ती कमी होते, तो तळपायाच्या जाड पडद्याचा विकार. पोटरीचे व तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम आणि मऊ टांचेची चप्पल ह्यांनीं तो बहुतेकांचा वर्षाच्या आंत शमतो. ‘हाड वाढलें’ म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. नखें सरळ कापावीं, कोपरे खोल कोरूं नयेत.

आतां न दुखणारा पाय. मधुमेह पुष्कळ वर्षें राहिला, विशेषतः साखर ताब्यांत नसली, म्हणजे पायांच्या मज्जातंतु निकामी होऊं लागतात. आरंभीं मुंग्या येतात, रात्रीं तळवे जळजळतात, कापसावर चालल्यासारखें वाटतें. मग तेंही थांबतें, आणि रोग्यास वाटतें कीं बरें झालें! चालतां चालतां चप्पल पायांतून निसटून मागें राहिली व तें कळलेंच नाहीं, असें ज्याच्या बाबतींत घडलें, त्यानें तो विसराळूपणा समजूं नये. अशा मनुष्यास खडा रुतलेला कळत नाहीं, शेकोटीची आंच कळत नाहीं, उन्हाळ्यांत देवळाच्या फरशीवर तळवे भाजलेले कळत नाहींत. वारीला अनवाणी जाण्याचा नेम असलेल्या मधुमेह्यांनीं तो नेम डॉक्टरास पाय दाखवूनच ठरवावा. पांडुरंगास पायांचा बळी नको आहे.

कुष्ठरोगांतही पाय असाच बधिर होतो. त्या रोग्यांची बोटें व पाय रोगानेंच सडून झडतात, असा पूर्वीं समज होता. 1946 सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आलेल्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, मांस रोगी नसतें. वेदना नसल्यामुळें मनुष्य जखमेवरच चालत राहतो आणि पाऊल झिजून जातें. त्यावरून भार उतरविणारें प्लास्टर व मऊ रबराच्या तळाच्या चपला हे उपाय त्यांनीं प्रचारांत आणिले, आणि पुढें मधुमेह्यांच्या जखमांनाही तेच तत्त्व लागू पडलें. अंगावर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें.

बधिरता तपासण्यास डॉक्टर दहा ग्रॅम दाबास वांकणारा नायलॉनचा तंतु तळव्यास टेकतात व कंप पावणारा चिमटा अंगठ्यास लावितात. घरींही एक परीक्षा करतां येते. ती इंग्लंडांतील इप्स्विच येथील डॉक्टरांनीं काढिली आहे. मधुमेह्यानें डोळे मिटावे. दुसऱ्यानें दोन्ही पायांचे अंगठे, मधलीं बोटें व करंगळ्या अशा सहा टोंकांना क्रम न सांगतां, न दाबतां, न थोपटतां, एक-दोन सेकंद बोट टेकवावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं स्पर्श कळला नाहीं, तर तो पाय धोक्यांत आहे असें समजून डॉक्टरास दाखवावा.

रक्तपुरवठा पाहण्यासाठीं घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब असा हिशेब करितात. उत्तर 0.9 हून कमी आल्यास रक्तवाहिनी अरुंद झाली असें समजतात. मात्र मधुमेह्यांत वाहिन्या कडक झाल्यानें तें फसवें मोठेंही येतें. तंबाखू, विशेषतः विडी, ह्या वाहिन्यांची वैरीण आहे. जखम झालीच तर डॉक्टर मेलेलें मांस काढितो, जखम हाडापर्यंत गेली आहे काय तें सळईनें व क्ष-किरणांनीं पाहतो, जंतु असल्यास औषध देतो, आणि त्या पायावर भार टाकावयाचा नाहीं असें बजावितो. शेवटची आज्ञाच लोक मोडतात. पट्टी बांधून शेतावर चालत गेलेला पाय बरा होत नाहीं. बधिर पाय एकाएकीं सुजून ऊन झाला आणि दुखत फारसा नसला, तर तो मुरगळला म्हणून चोळूं नये. आंतील हाडें मोडत असण्याचा संभव असतो, व त्यावर पुढें चालल्यास पाऊल कायमचें बेढब होतें.

ज्याचा पाय बधिर आहे त्यानें रोज संध्याकाळीं तळवे आरशांत पाहावे, किंवा घरच्या माणसाकडून पाहवून घ्यावे. चप्पल-बूट संध्याकाळीं विकत घ्यावे, कारण दिवसभरांत पाय थोडा फुगतो. गमबूट घालण्यापूर्वीं तो उलटा करून झटकावा व आंत हात घालून खडा पाहावा. ओला बूट दुसऱ्या दिवशीं तसाच घालूं नये. पाय शेकूं नयेत. पाण्याचा ऊनपणा पायानें नव्हे, कोपरानें अथवा दुसऱ्याच्या हातानें पाहावा. आणि गोठ्यांत किंवा धान्याच्या कोठाराशेजारीं निजणाऱ्या अशा मनुष्यानें रात्रीं पाय मोजांत किंवा पांघरुणांत नीट गुंडाळून निजावें, कारण उंदीर बधिर बोटें कुरतडतात आणि सकाळपर्यंत त्याला जाग येत नाहीं.