एलकुंचवार, महेश
एलकुंचवार, महेश : (९ ऑक्टोबर १९३९ – ). मराठी नाटककार व ललित निबंधकार. जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे, जमीनदार तेलुगू कुटुंबात. नागपूर विद्यापीठातून इंग्रजी विषयात एम्.ए. झाल्यावर त्यांनी नागपूर येथे इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले. विजय तेंडुलकरांचे मी जिंकलो, मी हरलो हे नाटक पाहून आपणही नाटक लिहावे, असे त्यांना प्रथम वाटले.

त्यांचे लेखन आधी छापले गेले व मग रंगभूमीवर आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सुलतान ही एकांकिका १९६७ मध्ये सत्यकथा मासिकात प्रसिद्ध झाली. ती वाचून विजया मेहता यांचे लक्ष या नागपूरच्या लेखकाकडे वेधले गेले आणि १९६९-७० च्या सुमारास ‘रंगायन’तर्फे सुलतान, होळी इ. एकांकिका त्यांनी सादर केल्या. होळीमध्ये सणाची सुट्टी नाकारल्यामुळे बिथरलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा उन्माद त्यांच्यातीलच एकाच्या आत्महत्येपर्यंत जातो. गार्बो (१९७३) व वासनाकांड (१९७४) या नाटकांत कोंडलेल्या माणसांची हिंसा, निर्मितीची ओढ आणि वांझपण यांचे चित्रण अधिक उग्र झाले. वासनाकांडमधील बहीणभावाच्या शरीरसंबंधामुळे नाट्यपरिनिरीक्षण मंडळाशी संघर्ष उद्‌भवला. या नाटकांतील भाषा कित्येकदा विषयापेक्षा मोठा आवाज करते. मात्र पुढील लेखनाची बीजे त्यांतच आहेत. पार्टी (१९७६) मध्ये पुरस्कारप्राप्त नाटककार बर्वे यांच्या सन्मानार्थ दमयंती राणे यांच्या घरी जमलेले कलावंत व रसिक दिसतात. पण सर्वांच्या बोलण्याचा केंद्रबिंदू असतो तो आदिवासींमध्ये काम करण्यासाठी निघून गेलेला, रंगमंचावर कधीच न येणारा कवी अमृत. लेखकाचे जगणे व त्याचे लिहिणे यांत अंतर पडल्यास लेखनाचे काय मोल, हा त्यातील प्रश्न होय. होळी व पार्टी यांवर १९८४ मध्ये अनुक्रमे केतन मेहता व गोविंद निहलानी यांनी हिंदी चित्रपट काढले.

वाडा चिरेबंदी (१९८५) हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे नाटक. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्यातील कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर, त्याच्या दिवसकार्यासाठी मुंबईचा मुलगा सुधीर सपत्नीक वाड्यावर येतो, येथून नाटक सुरू होते. तेराव्याचा खर्च कोणी करावयाचा, दागिन्यांचे काय करावयाचे, शिक्षण हुकलेल्या प्रभाला आणि राबणाऱ्या चंदूला कोणाचा आधार, अशा साध्या घरगुती बोलण्यांतून एका सरंजामी घराचा ऱ्हास उलगडत जातो. अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर पडून आहे आणि अंथरुणावरची दादी पुनःपुन्हा किती वाजले ते विचारते. कुळकायदा व नागरीकरण यांनी मोडकळीस आणलेल्या खेड्यातील सुस्थित ब्राह्मण कुटुंबाविषयी ना गहिवर, ना तिरस्कार, अशी लेखकाची भूमिका आहे. चेकॉव्हच्या नाटकांशी याची तुलना वारंवार केली जाते व ती गैर नाही. परंतु वऱ्हाडी वळणाच्या बोलीतून, विशेषतः वहिनीच्या तोंडून, व्यक्त होणारी घुसमट अस्सल येथील आहे. मोठ्या आवाजाच्या आधीच्या नाटकांनंतर एलकुंचवारांना लाभलेला हा संयम मराठी वास्तववादी नाटकाला नवे बळ देणारा ठरला.

या कथेचे पुढील भाग मग्न तळ्याकाठी व युगान्त हे होत. दुसऱ्यात पुढच्या पिढीतील पराग व अभय यांचे नाते मध्यवर्ती आहे. तिसऱ्यात दुष्काळाने उजाड झालेल्या भूमीवर कथानकाची जागा चिंतन घेते. १९९४ मध्ये ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ही त्रिनाट्यधारा सलग सादर केली. असे दीर्घ प्रयोग फार होणे शक्य नसल्याने बहुसंख्य वाचकांना तिन्ही नाटके एकत्र भेटली ती ग्रंथरूपानेच. वाचताना युगान्तमधील संवाद काहीसे निबंधवजा वाटतात, तरी पहिल्या नाटकातील दादीचा प्रश्न व तिसऱ्यातील ओसाड काळ यांचे नाते पुस्तकातच नीट उमगते.

इतर नाटकांपैकी प्रतिबिंब (१९८७) मध्ये महानगरातील एका माणसाला आरशात आपले प्रतिबिंबच दिसेनासे होते. आत्मकथा (१९८८) मध्ये वृद्ध लेखक राजाध्यक्ष एका तरुण अभ्यासक मुलीला आत्मचरित्र सांगताना सत्य व सोयीची आठवण यांत अडकतो. पार्टीतील प्रश्न येथे अधिक खोलवर गेला आहे. वासांसि जीर्णानि, धर्मपुत्र, मुंबईतील तीन अविवाहित मैत्रिणींवरील सोनाटा आणि एका नटाचा मृत्यू ही नंतरची नाटके. मौनराग हा त्यांचा आत्मपर ललित निबंधांचा संग्रह. नाटकांतील घर, आई व एकाकीपण यांचे मूळ त्यात सापडते. वाडा चिरेबंदी हिंदीत विरासत या नावाने आले असून त्यांची अनेक नाटके इंग्रजीतही उपलब्ध आहेत. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८९), युगान्तसाठी साहित्य अकादमी पुरस्कार (२००२) व सरस्वती सन्मान (२००२) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत.