भाजलेला अननस, एक लवंग आणि व्हिस्की: जोडी ‘जमते’ म्हणजे नेमकं काय होतं?

तव्यावर भाजलेला अननस, दालचिनीचा पाक आणि एक लवंग घातलेलं व्हिस्कीचं कॉकटेल प्यायलं, की पहिल्या घोटाला वाटतं, हे सगळं एकमेकांसाठीच बनलंय. असं का, विचारलं तर हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘या पदार्थांमध्ये वासाचे रेणू सारखे आहेत, म्हणून जमतं.’ मी स्वतः वासाच्या रेणूंवर काम करते, त्यामुळे हे उत्तर मला आवडायला हवं. पण ते अर्धंच खरं आहे. कोणतं अर्धं, ते एक ग्लास बनवता बनवता बघू.

साहित्य आणि कृती

एका ग्लासला ६० मिली व्हिस्की, १० मिली दालचिनीचा पाक, अननसाची एक सेंटिमीटर जाडीची चकती, एक लवंग, लिंबाच्या रसाचे ८-१० थेंब आणि बर्फाचे मोठे खडे. पाकासाठी साखर आणि पाणी समप्रमाणात घ्या, दालचिनीचा बोटभर तुकडा टाकून पाच मिनिटं उकळा आणि झाकून गार होऊ द्या. लवंग पाकात नाही, व्हिस्कीत टाकायची. पंधरा मिनिटांनी काढून टाकायची. भाजलेल्या चकतीचा अर्धा भाग पाकासोबत ठेचायचा, त्यावर व्हिस्की आणि लिंबू घालून बर्फाबरोबर ढवळायचं, गाळायचं आणि उरलेली चकती वर ठेवायची.

लवंग ही पाहुणी नाहीच

भट्टीतून निघालेली ताजी व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. रंग आणि बराचसा वास येतो तो लाकडी पिंपातून. अमेरिकेत बर्बन म्हणायचं असेल, तर ओकचं नवं आणि आतून जाळलेलं पिंपच वापरावं लागतं, तसा कायदाच आहे. लाकूड जळतं तेव्हा त्याला ताठपणा देणारं लिग्निन तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास) आणि ग्वायाकॉल (धुराचा वास) असे रेणू तयार होतात.

ओकच्या लाकडात आणखी एक रेणू असतो, युजेनॉल. हाच लवंगेचा मुख्य रेणू, लवंगेच्या तेलात तो साधारण ७० ते ९० टक्के असतो. म्हणजे लवंग टाकताना तुम्ही व्हिस्कीत परकं काही घालत नाही. पिंपाने हळू आवाजात म्हटलेलं तेच जरा मोठ्याने म्हणता.

आता लवंग पाकात का नाही? युजेनॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये छान विरघळतं. म्हणून व्हिस्कीत पंधरा मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवलीत तर मात्र दाताच्या डॉक्टरांकडचा वास येईल आणि जीभ बधिर होईल. दातदुखीवर आजी लवंग धरायला सांगायची, तो हाच रेणू.

एक सूचना: आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीपासून केलेलं स्पिरिट असतं, पिंपाचा वास बेताचाच. अशा बाटलीला ही जोडी तितकी लागू पडत नाही. बर्बन किंवा पिंपात मुरलेली माल्ट व्हिस्की घ्या.

अननस भाजल्यावर काय होतं?

कच्च्या अननसात फळांच्या वासाचे एस्टर असतात. तसेच काही एस्टर व्हिस्कीतही, किण्वनाच्या वेळी यीस्टने बनवलेले. शिवाय अननसात फ्युरॅनिऑल नावाचा रेणू आहे, ज्याचा वास जळत आलेल्या साखरेसारखा, थोडा स्ट्रॉबेरीसारखा येतो.

भाजताना शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यात मायार अभिक्रिया होते आणि असे खमंग, कॅरॅमलसारखे वास वाढतात. पण ही अभिक्रिया जोरात चालायला साधारण १४० अंश सेल्सिअस लागतात, आणि ओला पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे जातच नाही. म्हणून चकती कापडाने टिपून घ्या, तवा कडक तापवा आणि दोन-तीन मिनिटं चकतीला हात लावू नका. सारखी उलटसुलट केलीत तर अननस भाजला न जाता शिजेल. आणखी एक फायदा: कच्चा अननस जिभेला चावतो त्याला ब्रोमेलिन हे विकर बरंच जबाबदार असतं, आणि उष्णतेने ते निकामी होतं.

पिंप जाळलेलं, फळ भाजलेलं. दोन्हीकडे आगीनेच वास घडवले. इथपर्यंत ‘सारखे रेणू’वाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

मग अर्धंच का?

२०११ मध्ये आन आणि सहकाऱ्यांनी ५६ हजारांहून जास्त पाककृती तपासल्या. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या पाककृतींत एकत्र येणाऱ्या पदार्थांमध्ये सामाईक रेणू जास्त दिसले. पूर्व आशियाई पाककृतींत उलटं. २०१५ मध्ये आयआयटी जोधपूरच्या गटाने भारतीय पाककृतींवर हाच प्रयोग केला, अडीच हजारांहून जास्त पाककृती घेऊन, आणि त्यात महाराष्ट्रीय पदार्थही होते. निष्कर्ष असा की आपण एकत्र शिजवतो त्या पदार्थांमध्ये सामाईक रेणू योगायोगाने असतील त्यापेक्षाही कमी असतात, आणि याला सर्वात जास्त कारणीभूत आहेत मसाले. आपल्या आमटीत चिंच-गूळ आणि गोडा मसाला एकत्र नांदतात, ते एकमेकांचे नातेवाईक आहेत म्हणून नव्हे.

या पद्धतीत एक मोठी उणीवही आहे. रेणू ‘आहे की नाही’ एवढंच मोजलं जातं, ‘किती आहे’ हे नाही. ओकमधलं कणभर युजेनॉल आणि लवंगेतलं ढीगभर युजेनॉल यादीत एकसारखंच दिसतं. नाकाला मात्र फरक कळतो.

बर्फाचं काम

प्रमाणाचा मुद्दा ग्लासातही आहे. ४२.८ टक्क्यांची ६० मिली व्हिस्की, १० मिली पाक आणि वितळलेल्या बर्फाचं समजा २० मिली पाणी, म्हणजे अल्कोहोल साधारण २८ टक्क्यांवर येतं. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रिडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकॉल यांचं मिश्रण तपासलं. ४५ टक्क्यांपर्यंत ग्वायाकॉल पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाच्या जवळ राहतं. ५९ टक्क्यांच्या वर ते आत बुडू लागतं. हे एकाच रेणूचं गणित आहे, अख्ख्या ग्लासाचं नाही. पण थोडं पाणी मिसळलं म्हणजे व्हिस्की ‘बिघडली’ असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगायला हरकत नाही.

शेवटचा प्रयोग

दोन छोटे ग्लास करा, एक लिंबासकट, एक लिंबाशिवाय. लिंबाशिवायच्या ग्लासात सगळे नातेवाईक आहेत: लाकूड, लवंग, भाजकी साखर. पहिला घोट सुंदर लागतो, तिसऱ्याला कंटाळा येतो. लिंबाची आंबट चव या कुटुंबात कुणाचीच नाही, आणि तिच्यामुळेच बाकीचे वेगळे ओळखू येतात.

माझं उत्तर असं: सारखे रेणू पदार्थांना एकत्र बसवतात, पण बोलायला लावतो तो वेगळा पदार्थ. तेव्हा ‘विज्ञान सांगतं’ म्हणून कुणी पदार्थांच्या जोड्यांचा तक्ता दाखवला, तर आधी विचारा, प्रमाण किती आणि विरोध कुठे आहे?

आणि हो, पाक आणि फळामुळे दारू जाणवत नाही, पण ६० मिली म्हणजे पूर्ण मोठा पेगच. दोन छोट्या ग्लासांत एवढंच वाटून घ्या. न पिणाऱ्यांनी व्हिस्कीऐवजी कडक कोरा चहा घ्या आणि लवंग त्यात थोडी जास्त वेळ उकळा. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.