उंचीपेक्षा पकड: जुन्या पिकअपचे पाटे आणि टायर

लेखमाला: आडवाटेची गाडी – भाग ४

मागच्या तीन भागांत आपण जुन्या पिकअपची चेसी, इंजिन आणि गिअरबॉक्स तपासला. गाडीत पैसे घालण्यात अर्थ आहे की नाही, हे त्या तपासणीतून ठरतं. आता येतो तो भाग, ज्याची प्रत्येकाला सगळ्यात जास्त घाई असते: सस्पेन्शन आणि टायर.

नाशिक जिल्ह्यात हा विषय निव्वळ हौसेचा नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांमधून द्राक्षांचे आणि टोमॅटोचे क्रेट वाहून थकलेल्या पिकअप आज अनेक घरांत उभ्या आहेत. थोरल्यांनी नवी गाडी घेतली की जुनी धाकट्यांच्या हाती येते आणि तिचं तोंड इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे वळतं. सुटे भाग आणि जाणते हात दोन्ही इथे मिळतात. बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार बनवणारा महिंद्राचा कारखाना सातपूरला आहे आणि सिएटचा टायर कारखानाही त्याच सातपूरला. त्यामुळे गाडीत बदल करून घेणं सोपं आहे. तितकंच सोपं आहे चुकीचा बदल करून घेणं, आणि तो बहुतेक वेळा एकाच इच्छेतून होतो: गाडी उंच दिसली पाहिजे.

आडवाटेवर गाडीला पुढे नेते ती पकड. चारही चाकं जितका जास्त वेळ जमिनीला टेकून राहतील, तितकी गाडी चालेल. आजच्या भागातला प्रत्येक निर्णय याच एका कसोटीवर घासून पाहायचा आहे.

एक चाक हवेत गेलं की

बाज उंचसखल अंगणात ठेवली की तिचा एक पाय अधांतरी राहतो. ताठ सस्पेन्शनच्या गाडीचं बांधावर किंवा ओढ्यातल्या दगडांवर नेमकं हेच होतं. पण बाजेचं त्यात काही बिघडत नाही, गाडीचं बिघडतं. साध्या डिफरन्शियलमध्ये मागच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो आणि तो जोर कमी पकड असलेल्या चाकाला पेलेल इतकाच असतो. एक चाक हवेत लोंबलं की त्याला पेलायला काहीच उरत नाही. ते गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक जागचं हलत नाही. इंजिन कितीही दणकट असो, गाडी तिथेच अडकते.

म्हणून सस्पेन्शनचं पहिलं काम चाकाला खाली-वर जायला मोकळीक देणं. माल वाहणाऱ्या पिकअपची अडचण इथेच सुरू होते. तिचे मागचे पाटे टनभर वजन पेलायला बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते जवळजवळ वाकतच नाहीत. भरल्या गाडीत शांत चालणारं मागचं अंग रिकाम्या गाडीत टणाटण उडतं आणि प्रत्येक उडीत चाक जमीन सोडतं.

आधी दुरुस्ती, मग बदल

जुन्या गाडीत नवं काही बसवण्याआधी जुनं जसं असायला हवं होतं तसं करून घ्या. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा आणि लिहून ठेवा. डावं-उजवं अंतर बरंच वेगळं निघालं, तर एका बाजूचे पाटे बसले आहेत.

मग गाडीखाली जाऊन पाटे एकेक करून बघा. तडा बहुतेकदा सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ किंवा मेन पाट्याच्या डोळ्याजवळ जातो. शॅकलचे आणि डोळ्यातले रबरी बुश फाटले असतील तर ते आधी बदला. थोडक्या खर्चात मोठा फरक पाडणारं दुसरं काम नाही. पाट्यांमध्ये गंज आणि माती साचली असेल तर अख्खा जुडगा खोलून, घासून, ग्रीस लावून परत बांधा. गंजलेले पाटे एकमेकांवर घसरत नाहीत आणि सगळा जुडगा एकाच जाड पट्टीसारखा ताठ होतो. यू बोल्ट मात्र नवे घ्या. ते एकदा ताणून कसलेले असतात, पुन्हा तसेच कसले जातील याचा भरवसा नसतो. काही दिवस गाडी चालवल्यावर ते परत आवळायला विसरू नका.

अनेक गाड्यांचं दुखणं एवढ्यावरच बरं होतं.

जादा पाटा नको

आपल्याकडे पाटे बसले की एक जादा पाटा टाकायचा, ही जुनी रीत आहे. माल वाहायचा असेल तर ती समजण्यासारखी आहे. आडवाटेसाठी ती उलटी पडते. सारख्या मापाच्या ५ पाट्यांच्या जुडग्यात सहावा घातला की ताठरपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा आहे, कारण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा पाटा घेतला तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. गाडी उंच झाल्याचं समाधान मिळतं आणि पकड मात्र कमी होते.

पाट्यांना नुसतं ठोकून कमान देण्याचं कामही फार दिवस टिकत नाही. स्प्रिंगच्या पोलादाला नीट तापवून, तेलात विझवून, पुन्हा मंद तापवून पाणी दिलं तरच कमान टिकते. ती सोय नसेल तर नवा जुडगा घेणं शेवटी स्वस्त पडतं.

गाडी यापुढे माल वाहणार नसेल, तर जाणत्या कारागिराकडून मागचा जुडगा हलका करून घेता येतो. जड ओझ्यासाठी दिलेला खालचा जाड हेल्पर पाटा काढला की रिकामी गाडी मऊ चालते. मात्र त्यानंतर त्या गाडीत पूर्वीइतका माल भरायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. पाट्यांना हात लावायचाच नसेल तर त्याहून साधा उपाय आहे. हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची दोन-चार पोती घट्ट बांधून ठेवा. मागच्या चाकांना वजन मिळतं, पाटे थोडे दबतात आणि नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी गाडीही चढावर बरीच सुधारते.

शॉकअपचं काम वजन पेलणं नाही, पाट्याची उसळी आवरणं आहे. उसळलेलं चाक लवकर जमिनीवर आणतो तो शॉकअप. तेल गळत असेल किंवा हाताने दाबल्या-ओढल्यावर विरोध जाणवत नसेल, तर जोडीने बदला. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चालल्यावर साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि त्याचा दम जातो. गॅस भरलेला शॉकअप जास्त वेळ टिकाव धरतो. घेताना लांबी मोजून घ्या. चाक पूर्ण लोंबलं असताना शॉकअप ताणला जाता कामा नये आणि पूर्ण दबलं असताना तळाला आपटता कामा नये.

उंची वाढवण्याची किंमत

थोडी उंची कामाची असते, हे खरं. दगड डिफरन्शियलला लागू नये इतकी जागा हवीच. पण सस्पेन्शन उचलल्याने डिफरन्शियल तसूभरही वर जात नाही. ते ॲक्सलवरच असतं, म्हणून ते वर जातं फक्त मोठ्या टायरमुळे. सस्पेन्शन उचलल्याने चेसी आणि बॉडी वर जाते.

त्या उंचीची किंमत अनेक ठिकाणी मोजावी लागते. २ इंच लांब शॅकल लावला की गाडी साधारण १ इंच उचलते. पुढे पाटे असलेल्या गाडीत तसं केलं तर पुढच्या ॲक्सलचा कल, म्हणजे कॅस्टर, बदलतो आणि हायवेवर स्टेअरिंगचा स्वभावच पालटू शकतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकचा होज चाक लोंबल्यावर ताणला जातो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. तो चेसी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बघून वजन ओळखतो. गाडी उचलली की त्याला ती कायम रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी लावतो.

सर्वांत मोठी किंमत आहे कलंडण्याची. उदाहरणादाखल धरा, चाकांमधलं आडवं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर. कागदावर ती ४५ अंश कलली की उलटेल. हाच मध्य ७५ मिलिमीटर वर नेला तर ती मर्यादा सुमारे ४२ अंशांवर येते. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, चाक दगडावर चढतं, म्हणून गाडी त्याच्या कितीतरी आधी उलटते. जुन्या पिकअपसाठी १ ते २ इंचांपलीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढीही उंची शॅकल किंवा ठोकळे लावून मिळवण्यापेक्षा योग्य कमानीच्या नव्या पाट्यांतून मिळवावी.

टायर: खर्च करायचाच तर इथे

पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते टायरवर घाला. नाशिकची जमीन टायरची दोन प्रकारे परीक्षा घेते. पश्चिमेला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, धारदार कडांचा, टायरची बाजू कापणारा. पूर्वेला काळी कापसाची माती, ओली झाली की फुगून चिकटणारी आणि टायरची नक्षी भरून टाकणारी.

रस्त्याच्या टायरची बारीक नक्षी या मातीत क्षणात भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मड टेरेन टायरच्या गुट्ट्या मोठ्या आणि त्यांच्यातल्या फटी रुंद असतात, त्यामुळे चाक फिरताना चिखल फेकला जातो. पण तो जड असतो, डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक लावताना कमी पडतो. पावसाळ्यात कसारा घाट उतरताना ही उणीव जाणवते. आठवड्यातले सहा दिवस डांबरावर आणि एक दिवस आडवाटेवर जाणाऱ्या गाडीला ऑल टेरेन टायर सर्वांत योग्य. नायलॉनच्या तुलनेत रेडियल टायरची बाजू जास्त लवचीक असते, म्हणून तो दगडावर नीट बसतो. नायलॉनची बाजू जाड असते, ती मार खाते, पण वाकत नाही.

साइज वाढवताना आकडेमोड करा. २१५/७५ आर १५ या टायरची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते आणि २३५/७५ आर १५ ची सुमारे ७३३. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणून ॲक्सल वर जाईल १५ मिलिमीटर. टायरचा परीघ ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ ते ६३ ने पळत असेल, गिअर तितकेच उंच होतील आणि चढावर इंजिनाची ताकद तितकी कमी जाणवेल. पूर्ण स्टेअरिंग वळवून टायर कुठे घासतो का, तेही बघा.

टायरच्या बाजूवर आणखी दोन गोष्टी वाचायच्या. साइजनंतरचा आकडा वजन सांगतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. पिकअपला कमी आकड्याचा टायर कधीही घालू नका. दुसरी गोष्ट चार आकडी तारीख: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर जुनं, असा टायर स्वस्तात मिळाला तरी नको.

हवा: फुकटचा बदल

एका चाकावर ४०० किलो वजन आहे असं धरू. ३५ पीएसआय हवेला टायर जमिनीला साधारण १६० चौरस सेंटिमीटर टेकतो आणि २० पीएसआयला साधारण २८०. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे प्रत्यक्ष फरक याहून थोडा कमी पडतो, तरी चिखलात अडलेली गाडी निघायला तो अनेकदा पुरतो. रिकाम्या गाडीत, ट्यूबलेस रेडियल टायरमध्ये आणि सावकाश चालवतानाच हवा इतकी कमी करा. ट्यूबच्या टायरमध्ये कमी हवेला ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह उपटला जातो. डांबर लागलं की आधी हवा पूर्ववत भरा, मगच वेग घ्या. कमी हवेचा टायर हायवेवर तापून फुटतो. यासाठी गाडीत छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचा गेज असलाच पाहिजे.

कायदा आणि जंगल

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पिवळ्या पाटीच्या, आठ वर्षांहून जुन्या पिकअपला दरवर्षी फिटनेस दाखला घ्यावा लागतो, त्यामुळे बदल नजरेतून सुटत नाही. अपघातात विमा कंपनी याच कारणाने दावा नाकारू शकते. म्हणून त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला कंपनीने दिलेले पाटे, शॉकअप आणि टायरचा साइज निवडणं सर्वांत निर्धोक. मोठा बदल करायचाच असेल तर आधी आरटीओत विचारा.

आणि वाट निवडताना भान ठेवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. अंजनेरीसारख्या डोंगरांच्या कातळसड्यांवर जगात इतरत्र कुठे न सापडणाऱ्या वनस्पती उगवतात. तिथल्या मातीचा थर बोटभरही नसतो आणि एका चाकोरीने तो पुसला जातो. आपली आडवाट म्हणजे शिवाररस्ता, पाणंद, स्वतःचं किंवा परवानगीचं रान. गाडी चालवायला शिकायची असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. नवख्याने उंच पाट्यांवर खर्च करण्यापेक्षा अशा शिक्षणावर केला तर तो जास्त फळतो.

या आठवड्याचं काम

खर्चाचा क्रम असा ठेवा: बुश आणि यू बोल्ट, मग टायर, मग शॉकअप, आणि पाटे सर्वांत शेवटी. हात घालण्याआधी एक तपासणी करा. शेताच्या बुटक्या बांधावरून गाडी तिरकी, पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश न्या. एका जाणत्याला सुरक्षित अंतरावर उभं करा आणि कोणतं चाक आधी जमीन सोडतं ते टिपायला सांगा. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच बांधावर हीच तपासणी पुन्हा करा. चाक पूर्वीपेक्षा उशिरा सुटत असेल तर पैसे योग्य जागी गेले. लवकर सुटू लागलं, तर गाडी कितीही रुबाबदार दिसो, तो बदल उतरवून ठेवा.

पुढील भागात: मोठ्या टायरची गाडी थांबवणारे ब्रेक, आणि रुतलेली गाडी सुरक्षितपणे ओढून काढण्याची साधनं.