जॅझची ओळख करून देणारे

जॅझचा पत्रकार, रेडिओवरचा निवेदक आणि डीजे हे तीन वेगळे व्यवसाय वाटले, तरी त्यांचे मूळ काम एकच आहे : ढीगभर ध्वनिमुद्रणांतून निवड करायची आणि निवडलेल्या वादनाची श्रोत्याशी ओळख करून द्यायची. पत्रकार हे लिहून करतो, निवेदक बोलून करतो आणि डीजे एकापुढे एक तबकड्या लावून करतो. त्यामुळे एकाच माणसाच्या कारकिर्दीत ही कामे अनेकदा एकत्र आलेली दिसतात.

‘डीजे’ या शब्दाचा अर्थ मात्र गावागणिक बदलतो. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिक्रापूर परिसरात डीजे म्हणजे वरातीपुढे किंवा मिरवणुकीत वाहनावर रचलेली स्पीकरची भिंत. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकडीवर स्वार झालेला. अमेरिकेतील रेडिओ केंद्रांवर आधी वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजत असत. पुढे त्यांच्या जागी तबकड्या लागू लागल्या आणि दोन तबकड्यांच्या मधे बोलणारा माणूस आला. त्याला हे नाव मिळाले. म्हणजे मूळचा डीजे हे यंत्र नव्हे. तो एक जाणकार श्रोता होता.

जॅझला अशा जाणकाराची गरज इतर संगीतापेक्षा अधिक भासते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले हे संगीत बरेचसे ऐन वेळी सुचलेल्या वादनावर उभे असते. सामान्यतः सुरुवातीला आणि शेवटी मूळ चाल वाजते. मधल्या भागात प्रत्येक वादक तिच्याच स्वरसंगतींच्या आवर्तनावर आपापला विस्तार करतो. बंदिश तीच असली तरी गवई बदलला की राग वेगळा भासतो, तसेच हे आहे. म्हणून जॅझच्या तबकडीवर गाण्याच्या नावाइतकेच महत्त्व वादकांच्या नावांना आणि ध्वनिमुद्रणाच्या तारखेला असते. या नोंदी जमवणे, ताडून पाहणे आणि श्रोत्याला सांगणे ही जॅझ पत्रकारितेची पहिली पायरी होय.

महाराष्ट्रात या संगीताचे घर मुंबई होते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही तिथे रमले. त्यांच्याकडून हे वादन उचलले ते प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असे, त्यामुळे ते वाद्यवृंदात सहज सामावले. हळदोण्याचे आंतोनिओ शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांना त्यांची साथ मिळाली आणि १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटातून जॅझच्या ठेक्याची गाणी गावोगाव पोचली. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा अनेकांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यरचनेला आकार दिला. मात्र तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांचीच नावे छापली जात. वादकांची नावे श्रोत्यांपर्यंत पोचवण्याचे काम लेखकांसाठी उरले.

परदेशात हे काम नियतकालिकांनी आधीच हाती घेतले होते. लंडनचे ‘मेलडी मेकर’ १९२६ मध्ये आणि शिकागोचे ‘डाउनबीट’ १९३४ मध्ये सुरू झाले. मैफलींचे वृत्तांत, नव्या तबकड्यांचे परीक्षण आणि वादकांच्या मुलाखती हा त्यांचा मुख्य मजकूर असे. मुंबईत १९५२ मध्ये ‘ब्लू रिदम’ हे जॅझला वाहिलेले मासिक निघाले. ते अल्पजीवी ठरले. पण त्याच्या उभारणीत असलेल्या निरंजन झवेरी यांनी पुढे संघटकाची भूमिका घेतली. ‘जॅझ इंडिया’ या संस्थेमार्फत १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स त्या मंचावर वाजवून गेले. भारतीय रागसंगीत आणि जॅझ यांना एकत्र वाजवण्याच्या प्रयोगांनाही झवेरी यांनी पाठबळ दिले. आधी लिहून श्रोते घडवायचे आणि मग त्याच श्रोत्यांसाठी महोत्सव उभा करायचा, अशी ही वाटचाल होती.

मुंबईबाहेरच्या श्रोत्याला जॅझ भेटले ते शॉर्टवेव्ह रेडिओवर. या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव विलिस कॉनोव्हर यांचे. १९२० मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे जन्मलेल्या कॉनोव्हर यांनी विद्यार्थिदशेत विज्ञानकथांचे हौशी नियतकालिक चालवले होते. मेरीलँड आणि वॉशिंग्टनच्या स्थानिक केंद्रांवर निवेदन केल्यानंतर जानेवारी १९५५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर त्यांचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची धून ही त्याची खूण होती. आवाज खर्जातला, बोलणे संथ आणि वाक्ये छोटी. इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या परदेशी श्रोत्यालाही वादकाचे नाव स्पष्ट कळावे, हा त्यामागचा विचार. अनेक देशांत लोक या निवेदनावरून इंग्रजीही शिकले.

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत गटातील देशांतही हा कार्यक्रम चोरून ऐकला जाई. १९५९ मध्ये कॉनोव्हर पोलंडला गेले तेव्हा त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली. मायदेशी मात्र त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते, कारण या केंद्राचे कार्यक्रम अमेरिकेतच प्रसारित करण्यास १९४८ च्या कायद्याने मनाई होती. न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाचे ते अनेक वर्षे निवेदक होते. इतका मोठा श्रोतृवर्ग असूनही ते केंद्राचे कायम नोकर नव्हते. करारावर काम करत. १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे प्रसारण चालू राहिले. त्याच काळात अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यांतून वादकही भारतात येत होते. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये, तर ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आले. पुढच्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले.

नाचघरातला डीजे ही पुढची पायरी. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने दोन फिरत्या तबकड्यांचा वापर करून तालवाद्यांचा तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपचा उगम तिथे मानला जातो. जॅझच्या बाजूने हा वारसा चालवला तो लंडनच्या जाईल्स पीटरसन यांनी. बिनपरवाना रेडिओ केंद्रांपासून सुरुवात करून ते रविवारच्या नृत्यसत्रांत जुन्या जॅझच्या तबकड्या लावू लागले. पुढे त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या कंपन्या काढल्या आणि १९९८ पासून बीबीसीवर निवेदन केले. जॅझ खुर्चीत बसून ऐकायचे असते, हा समज अशा सत्रांनी मोडला. या कामात लय जुळवण्याचे कसब लागते. त्याहून अधिक लागते कोणत्या तबकडीनंतर कोणती लावायची याची समज.

महाराष्ट्रात या कामासाठी वेगळी पदवी नाही आणि एकाच कामावर पोट भरणेही कठीण असते. त्यामुळे लेखन, निवेदन, कार्यक्रमांचे नियोजन आणि तबकड्या लावणे यांची सांगड घालावी लागते. शिक्रापूरसारख्या गावातल्या तरुणाला आकाशवाणीचे पुणे केंद्र, खासगी एफएम वाहिन्या आणि पुणे विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारखी सामुदायिक केंद्रे ही निवेदनाची ठिकाणे जवळची आहेत. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र काढण्याची मुभा दिली. सार्वजनिक कार्यक्रमात तबकड्या वाजवताना हक्कधारकांचा परवाना घ्यावा लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. याच नियमांमुळे जॅझ यात्रेचे रंगभवन खुल्या मैफलींना बंद झाले.

मुंबईतील जॅझ वादकांचा विखुरलेला इतिहास पुढे एका पत्रकारानेच एकत्र आणला. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक २०१२ मध्ये वाचकांपुढे आले. जुनी छायाचित्रे, वर्तमानपत्रे आणि वादकांच्या आठवणी यांतून त्यांनी ताजच्या नाचघरापासून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणापर्यंतचा प्रवास मांडला. तबकड्यांवर न छापलेली कितीतरी नावे त्या पुस्तकात वाचायला मिळतात.