संसार आवरताना

मैत्रिणींनो, ज्येष्ठांच्या संकुलात राहायला जायचं ठरलं, की आधी डोळ्यांपुढे येतो तो माळा. तिथे खोल्या एक-दोन, जेवण बहुधा सगळ्यांचं एकत्र. मग तांब्याचा बंब, पन्नास पानांची पातेली, पुरणयंत्र यांचं करायचं काय? भांडेवाला वजन करून मोडीचा भाव देतो. त्यावर कोरलेलं सासूबाईंचं नाव काही तो मोजत नाही! त्यापेक्षा सुनेला, भाचीला, कामवाल्या मावशींना आधी विचारा. नको म्हणाल्या तर रागावू नका, त्यांचीही घरं लहानच. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घ्या. माहेरहून आलेली अन्नपूर्णा मात्र सोबत न्या, तिला जागा ती किती लागते!

घर मात्र भांड्यांसारखं वाटून टाकू नका. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचंच असेल, तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. आणि पहिलं वर्षभर तरी घर विकूही नका, असं माझं मत. तिथे नाहीच करमलं, तर परतायला दार हवं ना?