मन एक, उत्तरे तीन

सोयाबीन हातचे गेले, कर्ज थकले की आपल्या वाशिम जिल्ह्यात घरातला कर्ता माणूस गप्प होतो, रात्ररात्र जागतो. आपण म्हणतो, 'टेन्शन घेतो.' मानसशास्त्र काय म्हणते?

फ्रॉइड सांगतो, मूळ लहानपणी दबलेल्या भावनांत शोधा. त्याने दुःखाला वाचा फुटते. पण उपचार लांबतो, पुरावाही तोकडा. वॉटसन-स्किनरचा वर्तनवाद वागणे बदलायला सांगतो: वेळेवर उठा, चाला, माणसांत बसा. उपाय सोपा, फरक मोजता येतो. पण मनातला विचार तसाच राहतो. १९६०च्या दशकात बेकने 'मी निकामी आहे' हा विचारच तपासायला शिकवले. पुरावा भक्कम, पण विचार बदलल्याने कर्ज फिटत नाही, जातीचा अपमान थांबत नाही.

म्हणून एकालाच धरून बसू नये, असे आम्हाला वाटते. शेजारच्या अमरावतीत ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाच्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांना बोलते केले. नैराश्यावर मदत घेणारे शंभरात ४ होते, ते २७ झाले.

दोन आठवडे झोप, भूक, उमेद गेली असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मरणाची भाषा ऐकू आली तर त्या माणसाला एकटे सोडू नका. जय भीम!